आधी दहा गुंठे: पाटपाण्यावरून ठिबकवर जाताना

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा, पलूस, मिरज या पट्ट्यात उसाच्या लागणीआधी घरोघरी ठिबकचा विषय निघतो आणि सऱ्या सोडल्या की मिटतो. कारण पैशाचं सांगितलं जातं. पैसा लागतो हे खरंच, पण खरी अडचण बहुतेक वेळा दुसरीकडे असते. ज्यानं तीस वर्षं दारं धरून सरीसरीला पाणी दिलं, त्याला सरीतून पाणी पळताना दिसल्याशिवाय ऊस भिजला असं वाटत नाही. वरून कोरडी दिसणारी जमीन बघून त्याच्या पोटात कालवतं. ही भीती खुळी म्हणून उडवून लावू नये. वर्षभराच्या पिकाचा प्रश्न असतो आणि चूक झाली तर ती चौदा-पंधरा महिने शेतात उभी राहते.

म्हणून मी कुणालाही "सगळं रान ठिबकवर घ्या" असं सांगत नाही. दहा गुंठे घ्या. बाकीचं रान जसं चालतं तसं चालू द्या. दहा गुंठे बिघडले तर घर बसत नाही, आणि जमले तर पुढचा एकर करायला कुणी आग्रह करावा लागत नाही. नव्या कामाचा भरवसा आधी मनात येतो आणि मग हात चालतो, असं फार क्वचित होतं. आपण स्वतः मोजलेला आकडा वहीत दिसला की भरवसा बसतो.

तेव्हा खरेदीच्या आधी मोजणी, आणि ती आत्ताच्या पाटपाण्याची. पंपाच्या तोंडाशी २०० लिटरचं बॅरल लावा आणि भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर बघा. २९ सेकंद लागले तर तासाला साधारण २५ हजार लिटर पाणी येतं. आता एक एकर भिजवायला किती तास लागतात ते लिहा. एका पाळीला ८ सेंटिमीटर पाणी धरलं तर एकराला सव्वातीन लाख लिटरच्या आत-बाहेर लागतात, म्हणजे या पंपाला १३ तास. तुमच्याकडे २० तास लागत असतील, तर एकरात ५ लाख लिटर गेले, म्हणजे १२ सेंटिमीटरच्याही वर. हे जादा पाणी उसाच्या कामाचं नाही. ते मुळांच्या खाली उतरतं, जाताना युरिया घेऊन जातं, आणि नदीकाठच्या काळ्या रानात खालून क्षार वर आणतं.

कृष्णाकाठच्या क्षारपड रानांचं मूळ मोठ्या प्रमाणात इथेच आहे: भारी काळी जमीन, निचरा कमी, वर्षानुवर्षं ऊस आणि मोकाट पाणी. म्हणून माती तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. अहवालात तीन आकडे बघा. विद्राव्य क्षारांचा आकडा, म्हणजे ईसी, ४ च्या वर असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि विनिमययुक्त सोडियम (मातीच्या कणांना धरून बसलेलं) १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण झालेली आहे. अशा रानाला आधी निचऱ्याचे चर किंवा जमिनीखालचे सच्छिद्र पाइप हवेत, चोपण असेल तर माती परीक्षणानुसार जिप्सम हवं. ठिबकनं नवीन बिघाड थांबतो, झालेला बिघाड आपोआप निघत नाही. खराब रानावर पहिला प्रयोग करून "ठिबक चालत नाही" असा निष्कर्ष काढलेली उदाहरणं पुष्कळ सापडतील. पहिले दहा गुंठे मधल्या प्रतीच्या रानात घ्या. सगळ्यात उत्तम तुकडाही नको, सगळ्यात वाईटही नको.

आता आखणी. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. पाच फुटी सरीला एक लॅटरल, म्हणजे सरीत अंथरायची बारीक नळी, धरली तर साधारण ६६५ मीटर नळी लागते. दर ४० सेंटिमीटरला तासाला ४ लिटरचा ड्रिपर (थेंब सोडणारं तोंड) आतच बसवलेली इनलाइन नळी घेतली, तर सुमारे १,६६० ड्रिपर होतात आणि तासाला ६,६०० लिटरच्या आसपास पाणी जातं. लहान प्रयोग नेमका इथे फसतो. पंप तासाला २५ हजार लिटर देतोय आणि रान घेतंय साडेसहा हजार. उरलेलं पाणी कुठे जाणार? दाब चढतो, नळ्यांचे जॉइनर सुटतात, ग्रोमेटमधून (नळीच्या जोडावरच्या रबरातून) फवारे उडतात आणि पहिल्याच दिवशी सगळे म्हणतात, "बघा, सांगितलं होतं." म्हणून फिल्टरच्या आधी बायपास व्हॉल्व्ह हवाच. जादा पाणी विहिरीत परत सोडा किंवा त्याच वेळी शेजारच्या पाटात घ्या. फिल्टरनंतरच्या गेजवर दाब १ ते १.५ किलोच्या दरम्यान राहिला पाहिजे.

फिल्टर आणि मुख्य पाइप मात्र दहा गुंठ्यांच्या मापानं घेऊ नका. पुढे जेवढं रान घ्यायचा विचार आहे त्या मापानं घ्या, नाहीतर दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा विकत घ्यावं लागतं. विहिरीचं पाणी असेल तर जाळीचा किंवा डिस्क फिल्टर पुरतो; नदीचं, कालव्याचं किंवा शेततळ्याचं असेल तर त्याच्या आधी वाळूचा फिल्टर लागतो, आणि बोअरला वाळू येत असेल तर हायड्रोसायक्लोन, म्हणजे वाळू वेगळी करणारा फिल्टर. अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हातात आल्यावरच माल उचला. आधी घेतलेल्या मालाचं बिल चालत नाही. पहिल्या तुकड्याचा माल घेण्याआधीच सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचं पद कृषी सहायक) पूर्ण रानाचा आराखडा दाखवून विचारलेलं बरं.

प्रयोग खरा ठरायचा असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. बरेच जण ठिबकबरोबर नवी जात, रोपांची लागण, नवं टॉनिक असं सगळं एकदम आणतात. मग ऊस चांगला आला तर कशानं आला ते कळत नाही, बिघडला तर दोष ठिबकच्या माथी. दहा गुंठे ठिबकवर आणि शेजारचे दहा गुंठे पाटावर ठेवा. दोन्हीकडे पाच फुटी सरी, तीच जात, तीच तारीख, तेवढंच खत. रोपं लावणार असाल तर दोन्हीकडे लावा. पाच फूट बाय दोन फुटांवर दहा गुंठ्यांना १,०८९ रोपं बसतात, नांग्या (मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा) भरायला पन्नास-साठ जादा धरा.

घरात बोलणं कसं करायचं, हेही आखणीइतकंच महत्त्वाचं आहे. मुलानं मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवून तात्यांना पटवायला जाणं बहुधा वाया जातं. त्यात न बोलता सांगितलं जातं की तुमचं आजवरचं कसब संपलं. खरी गोष्ट उलटी आहे. ठिबकवर रोज एकच निर्णय असतो, आज किती वेळ चालवायचं, आणि तो निर्णय वाफशावर ठरतो. वाफसा ओळखणं तात्यांना येतं, मुलाला येत नाही. "तात्या, मशीन मी बघतो, वाफसा तुम्ही बघा" हे वाक्य निव्वळ मान राखण्यासाठी नाही, कामाची वाटणी खरोखर तशीच व्हायला हवी. नळीपासून वीतभर अंतरावर नऊ इंच ते एक फूट खोलीची माती मुठीत दाबायची. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे. गोळा चिकटून राहिला, हाताला चिखल लागला तर पाणी जास्त झालं. गोळाच झाला नाही तर कमी पडतंय.

खुरपायला येणाऱ्या बायकांना पहिल्या दिवशी बांधावर थांबवून नळी कुठून गेली आहे ते दाखवा. कापलेल्या नळ्यांतल्या निम्म्याहून जास्त खुरप्यानं कापलेल्या असतात, असा माझा अंदाज आहे, आणि त्यात चूक सांगणाऱ्याची असते. चार जॉइनर आणि एक कात्री शेतातच पिशवीत टांगून ठेवा. नळी कापली तर लपवू नका, लगेच सांगा, कुणी ओरडणार नाही, असं आधीच बोलून ठेवलं की गळती त्याच दिवशी निघते.

पहिला महिना सगळ्यात अवघड. दोन सऱ्यांमधली जमीन कोरडी राहते, वर भेगा दिसतात, आणि येणारा-जाणारा म्हणतो, "ऊस तहानलाय की." या दडपणाखाली रात्री पाट फोडला जातो आणि प्रयोग तिथेच संपतो. त्यासाठी आठव्या दिवशी एक खड्डा काढा. नळीला आडवा, दोन फूट लांब आणि दीड फूट खोल. आत ओलावा कांद्याच्या आकाराचा दिसेल, वर अरुंद आणि खाली पसरट. काळ्या रानात तो आडवा जास्त पसरतो, मुरमाड रानात सरळ खाली जातो. घरातल्या सगळ्यांनी तो खड्डा बघावा, शेजाऱ्यालाही बोलवावं.

दुसरी चूक नेमकी उलटी. वीज आहे म्हणून चार-चार तास चालवणं. हिशेब सोपा आहे. मे महिन्यात दिवसाचं बाष्पीभवन ८ मिलिमीटर धरा, त्याला ०.७ नं गुणा, मग उसाच्या वाढीच्या आकड्यानं गुणा: लहान उसाला ०.४, मोठी भरणी (बुंध्याला मातीची भर) झालेल्या उसाला १.१. मोठ्या उसाला दिवसाला ६ मिलिमीटरच्या जरा वर लागतं, म्हणजे दहा गुंठ्यांना ६,२०० लिटरच्या आसपास. आपला संच तासाला ६,६०० देतो. म्हणजे तासभरसुद्धा नाही. लहान उसाला वीस-बावीस मिनिटं पुरतात. वीज आली की आपोआप चालू होणारा स्टार्टर असेल तर त्याला टायमर लावा, नाहीतर रात्रपाळीची वीज येते आणि पंप पहाटेपर्यंत चालतो.

या बदलाची आणखी एक बाजू आहे. पाटपाण्याचं काम आठ-दहा दिवसांनी एकदा येतं, पण आलं की रात्र-दिवस खपावं लागतं. अंधारात, चिखलात, साप-विंचवाच्या भीतीत. ठिबकचं काम रोजचं आहे, अर्ध्या-पाऊण तासाचं. ज्याला सणासुदीला गावाला जायचं आहे त्यानं हे आधी ओळखावं. फिल्टर कोण धुणार, लाइनीवरून कोण फिरणार, तो नसेल तर कोण, ही नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. "सगळे मिळून बघू" म्हटलं की आठवड्यात कुणीच बघत नाही.

ठिबक बंद पडतं ते बहुतेक वेळा ड्रिपर चोंदल्यानं. ते लवकर ओळखायला बाटलीइतकं चांगलं साधन नाही. ४ लिटरचा ड्रिपर १५ मिनिटांत १ लिटर देतो. तीन लाइनी निवडा. प्रत्येकीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी नळीखाली लहान खड्डा करून भांडं ठेवा. नऊ भांडी, १५ मिनिटं. सगळीकडे ९०० मिलिलिटर ते १ लिटर १०० च्या दरम्यान भरलं तर संच ठीक आहे. शेवटी कमी आणि सुरुवातीला पुरेसं असेल तर दाब कमी आहे किंवा कुठेतरी गळती. मधेच एखादंच कमी असेल तर तो ड्रिपर चोंदलाय. पहिल्या दिवसाचे नऊ आकडे जपून ठेवा, पुढे दर महिन्याला त्यांच्याशीच तुलना करायची आहे.

चोंदण्याची कारणं तीन. माती असेल तर फिल्टर धुणं आणि लॅटरलचं टोक उघडून पाणी सोडणं, आठवड्यातून एकदा, एका वेळी चार-पाच लाइनी, पाणी नितळ येईपर्यंत. फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमध्ये अर्ध्या किलोचा फरक पडला की धुवायची वेळ झाली. नदीला गढूळ पाणी असताना वाळूचा फिल्टर रोज उलटा धुवा. शेवाळ असेल, नळीत हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर दिसत असेल, तर क्लोरीन. क्षार असतील, ड्रिपरच्या तोंडाला पांढरी पूड धरली असेल, तर आम्ल. आम्लाचं प्रमाण ठरवायला एक बादली पाणी घ्या, मोजून थोडं थोडं आम्ल घाला आणि सामू ४ वर आला की थांबा. त्याच प्रमाणात संचात सोडायचं, पाणी शेवटच्या ड्रिपरपर्यंत पोचलं की पंप बंद करून २४ तास तसंच ठेवायचं, मग सगळ्या लाइनींची टोकं उघडून धुवायचं. नेहमी पाण्यात आम्ल घाला, आम्लात पाणी कधीच नको. हातमोजे, चष्मा हवा. आणि क्लोरीन व आम्ल कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

खताबाबत पहिल्या वर्षी मात्रा कमी करू नका, नाहीतर तुलना बिघडते. आडसालीला, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या लागणीला, हेक्टरी ४०० किलो नत्राची सर्वसाधारण शिफारस धरली तर दहा गुंठ्यांना ४० किलो नत्र, म्हणजे ८७ किलो युरिया लागतो. फरक हप्त्यांत करायचा: तो २६ आठवड्यांत वाटला तर आठवड्याला सव्वातीन-साडेतीन किलो. स्फुरद सुपर फॉस्फेटमधून लागणीला मातीतच द्या, सुपर किंवा डीएपी ठिबकमधून सोडू नका. पोटॅश पांढरं घ्या, लाल पोटॅशमध्ये न विरघळणारा गाळ असतो. कॅल्शियम नायट्रेट स्फुरद किंवा सल्फेटच्या खतात मिसळलं की टाकीतच साका बसतो. आधी दहा मिनिटं साधं पाणी, मग खत, शेवटी पुन्हा दहा मिनिटं साधं पाणी.

सामाईक लिफ्टवर (नदीतून पाणी उचलून वाटणाऱ्या सामाईक योजनेवर) असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो लोक उगाच लपवतात. पाळी पंधरा दिवसांनी येत असेल तर रोजचं ठिबक चालणार कशावर? साठवण लागते. एक एकर मोठ्या उसाला मे महिन्यात दिवसाला २५ हजार लिटर धरले तर पंधरा दिवसांना पावणेचार लाख. वरून १५ बाय १५ मीटर, ३ मीटर खोल आणि उतरत्या बाजूंचं अस्तरीचं शेततळं ४ लाख ४० हजार लिटर धरतं. त्यातले वीसेक हजार उन्हानं उडतात. जागा सव्वादोन गुंठे जाते. ही जागा सोडायला मन तयार होत नसेल तर आधी पाणीपुरवठा संस्थेच्या बैठकीत पाळ्या जवळ करता येतात का ते विचारा. तेही होत नसेल तर सध्या ठिबकचा नाद करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

क्षाराबद्दल एक बारीक गोष्ट राहिली. ठिबकच्या ओलाव्याच्या कडेला क्षार साठतात, पांढरी रेघ दिसते. वळवाची हलकी सर आली की ते क्षार मुळांकडे ढकलले जातात. म्हणून पहिली भुरभुर चालू असताना ठिबक बंद करू नका, तासभर चालवा. चांगला मोठा पाऊस झाला की मग बंद.

नदीकाठच्यांनी २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लक्षात ठेवूनच फिल्टर बसवावा. युनियन जोड लावून घ्या, म्हणजे पाणी चढायला लागलं की तासाभरात फिल्टर, खत सोडायची व्हेंच्युरी आणि स्टार्टर सोडवून घरी नेता येतं.

वहीत तीन तारखा आधीच लिहा: लागणीपासून ३०, ९० आणि १८० दिवस. तिसाव्याला उगवण आणि नांग्या, नव्वदाव्याला फुटवे, एकशेऐंशीव्याला जाडी आणि कांड्या. दोन्ही तुकड्यांत त्याच पाच ठिकाणी, दहा-दहा फुटांत मोजा. एकरी ४० हजार गाळपलायक ऊस हवे असतील तर पाच फुटी सरीत दहा फुटांना ४६ ऊस भरले पाहिजेत. थांबायचं कधी, तेही याच पानावर लिहा. उदाहरणार्थ, नव्वदाव्या दिवशी ठिबकचे फुटवे पाटापेक्षा कमी निघाले आणि बाटल्यांचे आकडेही बिघडलेले असतील, तर संच दुरुस्त होईपर्यंत पाटानं भिजवायचं. परतीची वाट आधी ठरलेली असली की माणूस घाबरून निर्णय घेत नाही.

तोडीच्या आधी मुकादमाशी बोला. लॅटरल सऱ्यांतून काढून, वेटोळी करून बांधावर घेतल्याशिवाय टोळी आत सोडू नका. ट्रॉलीच्या चाकाखाली आणि कोयत्याखाली एका दिवसात वर्षाची नळी जाते. पाचट पेटवायचं नाही, हे आधीच पक्कं करून घ्या. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते कुट्टी करून सरीत दाबलं की खोडव्याला, म्हणजे तोडीनंतर बुडख्यातून फुटणाऱ्या उसाला, ओल टिकते आणि नळीही उन्हापासून वाचते. मात्र पाचटाखाली उंदीर होतात आणि नळ्या कुरतडतात, म्हणून खोडव्यात लाइनीवरून फिरणं वाढवावं लागतं.

दोन्ही तुकड्यांचं वजन वेगळं करून घ्या. काट्याच्या पावत्या वहीत चिकटवा, पंपाचे तास त्याखाली लिहा. आकडे चांगले आले तरी जुना पाट लगेच मोडू नका. एखाद्या उन्हाळ्यात पंप जळतो, फिल्टर फुटतो, सुटा भाग यायला चार दिवस लागतात, आणि तेवढ्यात ऊस वाळायला लागतो. पाटाची एक बाजू मोकळी, गवत काढून ठेवा, पहिल्या खोडव्याचं वजन हातात येईपर्यंत.